पॅसेजमधला उजेड

फ्लॅटच्या जाहिरातीत बेडरूम असते, हॉल असतो, किचन असतं. पॅसेज कुठेच नसतो. पैसे मात्र त्याचेही मोजलेले असतात. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची वगळायची, आतल्या भिंती धरायच्या आणि घरात वापरायला जी जागा उरते ती मोजायची. म्हणजे दारापासून बेडरूमपर्यंत जाणारा साडेतीन फूट रुंद आणि बारा फूट लांब पट्टाही त्यात आलाच. ४२ चौरस फूट. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात लोकांनी संसार केले, मुलींची लग्नं लावली, गावाकडून आलेले पाहुणे महिनामहिना ठेवून घेतले. त्या मापाने आमच्या घरातली पाव खोली नुसती ये-जा करायला ठेवलेली आहे, आणि तिथे भर दुपारी दिवा लावल्याशिवाय चपलेचा जोड जुळत नाही.

हा अंधार नकाशातच असतो. नियम खोल्यांना खिडकी मागतात, संडास-बाथरूमला निदान डक्ट मागतात. पॅसेजसाठी कुणी काही मागत नाही. त्यामुळे बाहेरच्या भिंती सगळ्या खोल्यांच्या वाट्याला जातात आणि मधोमध जे उरतं तो पॅसेज. आमची डोंबिवलीची इमारत नव्वदच्या आधीची. त्या काळच्या बिल्डरने या उरलेल्या जागेवर आणखी एक उपकार करून ठेवला होता, तो म्हणजे माळा. त्याच्याकडे येतेच.

घराचं पहिलं स्वागत पूर्वी घरातल्या सगळ्यात उजेडाच्या जागी होत असे. कोकणात अंगण, मग पडवी, मग ओटी. आलेला माणूस पाय धुऊन ओटीवर टेकायचा, गुळपाणी घ्यायचा, आणि आत माजघरात काय चाललंय ते त्याला दिसायचंही नाही. गोव्यात दारापुढे बाल्कांव असतो. दोन्ही बाजूंना बसायला पक्के कट्टे, वर छप्पर, समोर रस्ता. संध्याकाळी घरातली माणसं तिथेच. गिरगावातल्या चाळींना लांबच लांब गॅलरी, एक बाजू उघडी, वाळत घातलेले कपडे आणि उजेड दोन्ही तिथेच. बीडीडीत मात्र दोन ओळींच्या मधून जाणारा व्हरांडा, उजेड फक्त टोकांकडून. म्हणजे आजचा पॅसेज तिथे शंभर वर्षांपूर्वीच जन्माला आला होता असं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की त्या व्हरांड्यात दारं उघडी असत आणि दारातून खोलीतला उजेड बाहेर सांडत असे. आपण दारं लावून घेतो.

पुण्यातल्या वाड्यांचं मात्र वेगळं होतं. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की देवडी लागते. जाड भिंती, कमी उंची, अंधार. पण त्या अंधाराचं कुणाला काही वाटत नसे, कारण चार पावलांवर चौक असतो आणि त्या चौकातलं ऊन देवडीतूनच दिसत असतं. विश्रामबागवाड्यात कधी गेलात तर दर्शनी भागातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब पाहायला सगळेच थांबतात. मी म्हणेन, आत शिरताना चौकाचा उजेड कसा पुढे ओढून नेतो तेही पाहा. जागा उजळ वाटण्यासाठी ती सगळीच्या सगळी उजळ असावी लागत नाही. जिकडे जायचं त्या टोकाला उजेड असला की पाय आपोआप वळतात. आमच्या पॅसेजच्या टोकाला बाथरूमचं दार होतं, आणि त्यावर पंचांगाचं कॅलेंडर.

ओटीबद्दल लिहिताना गहिवरायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पुरती मानवत नाही. कुणी अंगणातच उभं राहायचं, कुणी पडवीपर्यंत यायचं, कुणी ओटीवर बसायचं आणि कुणी थेट माजघरात, हे जातीवरून ठरायचं. ओटी जितकी स्वागताची, तितकीच अडवण्याची जागा होती. फ्लॅटने ती रचना मोडली हे बरंच झालं. पण मोडताना बसायचा कट्टाही गेला आणि उजेडही गेला. तेवढं परत आणायला काय हरकत आहे, एवढाच माझा मुद्दा.

तर माळा. आमचा माळा कडाप्प्याचा होता. भिंतीत बसवलेल्या लोखंडी अँगलवर टाकलेल्या काळ्याभोर लाद्या, पॅसेजच्या पुऱ्या लांबीवर, जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर. खालून पाहिलं की डोक्यावर काळा दगड. त्यावर पितळेची पातेली, गणपतीचं मखर, दोन गाद्या, पंख्याची खोकी (पंखे केव्हाच गेले, खोकी आहेत) आणि पाळणा. कोणताही रंग लावा, कोणतंही चित्र टांगा, वर काळं छत असेपर्यंत पॅसेज काळाच दिसणार, हे मला कळत होतं. सासूबाईंना पाळणा दिसत होता.

"अगं, पण तो ठेवायचा कुठे?"

"आई, घरातलं सगळ्यात लहान मूल आता बारावीला आहे."

"म्हणून काय झालं? पुढे लागेलच की."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी तह झाला. दाराकडच्या बाजूचा अर्धा माळा उतरवायचा, बाथरूमकडचा अर्धा ठेवायचा आणि ठेवलेल्याची खालची बाजू पांढरी रंगवायची. मखर आणि पाळणा राहिले, खोकी गेली. गाद्यांचा कापूस पिंजून नव्या करू असं ठरलं आणि त्या अजून तशाच आहेत. आमचा माळा कडाप्प्याचा म्हणून लाद्या सुट्या करून काढता आल्या. तुमचा सिमेंट-लोखंडाचा ओतीव असेल तर इंजिनिअरला दाखवल्याखेरीज घण घालू नका. लाद्या निघाल्या आणि दारातून आत येणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एकदम अडीच-तीन फुटांची हवा आली. अजून एक दिवा वाढलेला नव्हता, तरी शेजारच्या काकू म्हणाल्या, "रंग दिलात का?"

जुन्या घरांत आणखी एक गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे दारावरची झडप. दोन्ही बेडरूमच्या दारांच्या डोक्यावर काचेची उघडमीट करणारी झडप असायची, खोलीतली गरम हवा बाहेर जावी म्हणून. तिच्यातून खोलीतला उजेडही पॅसेजमध्ये यायचा. एसी आले तशा या झडपा गेल्या. कुणी त्यावर प्लाय ठोकला, कुणी थर्माकोल चिकटवून वर कागद लावला. आमच्याकडे प्लाय होता, वर ऑइल पेंट. तो काढून तिथे दुधी काच पक्की बसवली. हवा जात नाही, एसी चालतो, आणि सकाळी पूर्वेच्या खोलीत ऊन आलं की पॅसेजच्या समोरच्या भिंतीवर मऊ उजेडाची एक आडवी पट्टी पडते. दहाच्या सुमारास ती जाते. तोपर्यंत घरातली सगळी माणसं तिथून आवरून, धावपळ करत, एकमेकांना धक्के देत गेलेली असतात. म्हणजे ज्या वेळी हवा तेव्हा उजेड मिळतो आणि फुकट मिळतो. सारा खटाटोप करून झाल्यावर मागे वळून पाहताना मला या काचेइतकं समाधान दुसऱ्या कशाचं वाटलं नाही.

रंगाचं शास्त्र वरवर सोपं आहे. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, गडद चॉकलेटी दहाच्या आसपास. तेव्हा पांढरा लावा आणि मोकळे व्हा, असं कुणीही सांगेल. पण परत फेकायला मुळात उजेड हवा. बिनखिडकीच्या जागेत शुभ्र पांढरा रंग राखाडी दिसतो, दवाखान्यातल्या भिंतीसारखा. पूर्वी चुन्यात नीळ घालत. चुन्याचा पिवळेपणा निळीने मरतो आणि अंगणातली भिंत उन्हात झळझळते. तीच नीळ घातलेली भिंत माजघराच्या कोपऱ्यात निर्जीव वाटते. म्हणून शेडकार्डवरचा किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा आम्ही घेतला. दोन-तीन छटांचे हात-हातभर पट्टे भिंतीवर मारून ते सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहिले. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली शेडकार्ड पाहून रंग निवडणाऱ्याला पुढे जे दिसेल ते दिसेल.

रंगारी अनुभवी होता. त्याने पहिल्यांदा भिंतीकडे न पाहता माणसांकडे पाहिलं.

"वहिनी, एवढा फिका मारलात तर आठ दिवसांत हाताचे डाग. जाता-येता सगळे भिंतीला हात लावतात इथे."

खरं होतं. अरुंद जागेत माणूस नकळत भिंतीचा आधार घेतो, आणि चप्पल काढताना तर घेतोच. शाळा, दवाखाने, रेल्वे स्टेशनं यांच्या भिंती चार फुटांपर्यंत ऑइल पेंटच्या आणि वर डिस्टेंपरच्या असत त्या याच कारणाने. खालचा भाग ओल्या फडक्याने पुसता यायचा. त्या गडद हिरव्या किंवा मातकट पट्ट्याशी आपली सरकारी कचेरीची आठवण जोडलेली आहे, म्हणून तो घरात नको वाटतो, पण युक्ती पक्की आहे. आम्ही दोन्हीकडे रंग तोच ठेवला, फक्त खालच्या चार फुटांना थोडा चकाकणारा, पुसता येणारा इमल्शन आणि वर मॅट.

चकाकीचा एक तोटा आहे. ती भिंतीचं एकही व्यंग झाकत नाही. म्हणून लांबी भरून घासून झाल्यावर रंगारी काय करत होता ते मी पाहत बसले. संध्याकाळ होऊ दिली, पॅसेजचा दिवा बंद केला, मोबाइलची बॅटरी भिंतीला अगदी चिकटवून धरली आणि तिचा झोत भिंतीच्या अंगावरून सरकवत नेला. समोरून गुळगुळीत वाटणारी भिंत त्या आडव्या उजेडात खाचखळग्यांनी भरून गेली. प्रत्येक उंचवट्याला सावली, प्रत्येक खड्ड्याला काठ. डाव्या हाताच्या बोटाने तो जागा चाचपायचा, पेन्सिलीने बारीक गोल काढायचा आणि पुढे सरकायचा. भिंतभर गोल झाले. मग पुन्हा पत्र्याने लांबी ओढणं, पुन्हा पॉलिशपेपर. घरभर पांढरी धूळ, सासूबाईंच्या तोंडाला पदर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच बॅटरी, गोल निम्म्याहून कमी. इतकं झाल्यावरच त्याने प्रायमरचा डबा उघडला.

आता दिवा. या विषयावर मराठी घरांत सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात कमी विचार होतो. आमच्याकडे एक ट्यूबलाइट होती, भिंतीच्या मधोमध, चोक कुरकुरणारी. २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू झाली, स्वस्तात एलईडी बल्ब मिळू लागले आणि बघता बघता घरं, दुकानं, देवळं सगळी पांढरीफेक झाली. विजेची बचत झाली, ती महत्त्वाची. पण थंड पांढरा म्हणजे भरपूर आणि पिवळसर म्हणजे अपुरा हे समीकरणही डोक्यात पक्कं बसलं. आमच्या वायरमनने ते एका वाक्यात मांडलं.

"ताई, वॉर्म घेतलात तर लोकांना वाटेल व्होल्टेज कमी आलंय."

या भीतीला इतिहास आहे. चाळीस वॅटचा पिवळा बल्ब, तो चारशे-साडेचारशे ल्युमेन उजेड द्यायचा, आणि व्होल्टेज उतरलं की तेवढाही नाही. त्या मिणमिणत्या उजेडात अभ्यास केलेल्या माणसाला पिवळा दिवा म्हणजे गरिबी वाटणारच. पण दिव्याचा रंग आणि दिव्याचं बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग केल्विनमध्ये मोजतात. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळसर, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे ढगाळ दिवसासारखा निळसर पांढरा. बळ ल्युमेनमध्ये. आजचा नऊ वॅटचा उबदार एलईडी आठशे-नऊशे ल्युमेन देतो, जुन्या चाळीसच्या बल्बच्या दुप्पट. खोक्यावर दोन्ही आकडे छापलेले असतात. आपण वॅट पाहतो आणि किंमत पाहतो.

आणखी एक आकडा काही खोक्यांवर असतो, सीआरआय. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप, ९० च्या पुढे असेल तर उत्तम. हलक्या एलईडीत लाल रंग मरतो. कुंकू तपकिरी दिसतं, पैठणीचा जांभळट लाल काठ मातकट दिसतो आणि दारात आलेलं प्रत्येक माणूस आजारातून उठल्यासारखं. घराबाहेर पडताना बाई आरशात शेवटचं पाहते ती याच पॅसेजमध्ये, आणि परतल्यावर घरातल्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसतात तेही इथेच. थोडे जास्त पैसे इथल्या दिव्याला घालावेत.

दिवे कुठे लावायचे हा त्याहून मोठा प्रश्न. छताच्या मध्यावर एक दिवा लावला की फरशी उजळते आणि माणसाचा टाळू. आपला डोळा मात्र जागेचा उजेड उभ्या भिंतींवरून ठरवतो. म्हणून आम्ही ट्यूबलाइट काढून दोन लहान दिवे भिंतीवर झोत पडेल असे लावले आणि तिसरा अगदी टोकाला, पंचांग काढून रिकाम्या केलेल्या जागेवर. बाथरूमच्या दाराला भिंतीचाच रंग दिला, ते दिसेनासं झालं. पंचांग स्वयंपाकघरात गेलं, जिथे ते मुळात पाहिलं जात होतं.

आणि टू-वे स्विच. एक बटण दाराशी, दुसरं बेडरूमपाशी. जिन्याला असतं तसं. वायरमन म्हणाला, एवढ्याशा पॅसेजला कशाला, उगाच भिंत खोदायला लागेल. पण रात्री पाणी प्यायला उठलेलं म्हातारं माणूस बारा फूट अंधारात चाचपत जातं ते याच एका बटणापायी. भिंत खोदली.

आता मुख्य भाडेकरू, म्हणजे चपला. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच. बाजारातलं साधं चपलांचं कपाट चौदा इंच खोल. उरले २८ इंच, त्यातून दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे जायचं. उभ्या चपला ठेवायची, पुढे कलून उघडणारी सात-आठ इंच खोलीची कपाटं मिळतात, ती भिंतीला पायांशिवाय टांगली की खालून झाडूही फिरतो. रोजच्या वापरातला प्रत्येकी एक जोड पॅसेजमध्ये, बाकीचे दुसरीकडे, असा नियम आम्ही केला. तो सगळ्यात आधी कुणी मोडला हे सांगत नाही, घरात वाचलं जाईल.

आरसा लावला की जागा दुप्पट होते, असं सांगतात. आरसा समोर जे असेल ते दुप्पट करतो. समोर चपला असतील तर दुप्पट चपला. आमचा आरसा दुधी काचेसमोरच्या भिंतीवर आहे, म्हणून सकाळची ती पट्टी त्यात पडून पलीकडच्या भिंतीवर परत येते. दारासमोर आरसा नको असं वास्तूवाले सांगतात. मला वास्तूतलं कळत नाही, पण दार उघडताच समोरून आपणच अंगावर येतो हे मलाही आवडत नाही, तेव्हा एकमत झालं.

भिंतीवर काय लावावं? हल्ली वारलीचे स्टिकर गुंडाळीने मिळतात. गोल नाचणारी माणसं, तारपेवाला, झाड. चिकटवले की झालं. वारली चित्र मुळात लग्नाच्या वेळी सवाशिणी झोपडीच्या आतल्या भिंतीवर काढत आल्या. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक आणि त्यात पालघाट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं, पुढे त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मला त्यात पॅसेजवाल्यांच्या उपयोगाचं एक दिसतं. आतल्या मंद उजेडात ते पांढरं पीठ गडद गेरूवर उमटून दिसतं. म्हणजे उजळ जागेत सगळंच फिकं असायला नको. आमच्या फिक्या भिंतीवर गेरूच्या रंगाचं एकच हातभर चित्र आहे, डहाणूकडच्या एका चित्रकाराकडून विकत घेतलेलं, आणि त्याच्यावर झोत आहे. त्या एका गडद चौकोनामुळे बाकीची भिंत जास्त फिकी, जास्त उजळ वाटते. दहा चित्रं लावली असती तर असं झालं नसतं.

सासऱ्यांचा फोटोही इथे आहे, दक्षिणेच्या भिंतीवर, सासूबाईंच्या आग्रहाने. त्याची काच दिव्याने चमकायची, चेहरा दिसेना. जुन्या घरांत फोटो उंच खुंटीवर दोरीने टांगलेले आणि पुढे झुकलेले असत, आठवतंय? तसं झुकवलं आणि चमक गेली. त्या लोकांना काचेचा त्रास माहीत होता.

झाडांबद्दल थोडक्यात. बिनखिडकीच्या जागेत कोणतंही झाड जगत नाही, स्नेक प्लांटही नुसतं मरायला वेळ लावतं. दोन कुंड्या घ्याव्यात आणि बाल्कनीत-पॅसेजमध्ये त्यांची पाळी लावावी. प्लॅस्टिकचं झाड, प्लॅस्टिकचं तोरण आणि उंबऱ्यावरचं रांगोळीचं स्टिकर यांच्यावर बसलेली धूळ कुणी पुसत नाही, एवढंच सांगते.

सगळ्यात शेवटी लावलेली वस्तू सगळ्यात जास्त वापरली जाते. भिंतीला बिजागरीने लावलेली फळी, खाली पाडली की बसायला, वर केली की भिंतीला सपाट. सासूबाईंना वाकून सँडलचा पट्टा लावता येत नाही म्हणून केली. पण आपल्याकडे दारात येणाऱ्यांची एक मोठी जमात आहे, "आत येत नाही गं, उभ्या उभ्या आले" असं म्हणणाऱ्यांची. हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला, वाटीभर साखर परत करायला, नुसतं विचारायला. पूर्वी त्या तासभर सेफ्टी डोअरच्या जाळीला धरून उभ्या असत. हॉलमध्ये बसायचं म्हणजे चहा आला, आणि चहा नको असतो. गप्पा हव्या असतात. ओटी याच माणसांसाठी होती. आता काकू "बसत नाही" म्हणत फळी स्वतःच पाडतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सकाळी सातला येतात. पावसाळ्यात त्यांची छत्री बाहेर जिन्यात ठिबकत असे आणि पर्स फ्रिजवर. त्यांच्यासाठी वेगळी खुंटी लावली, खाली छत्रीला पत्र्याचा डबा. चित्र पाहून, आरसा पाहून, दिवे पाहून त्यांनी काही म्हटलं नव्हतं. खुंटीवर पर्स अडकवली आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत."

पॅसेज सजवायचा म्हटलं की आपण वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांचा विचार करतो. त्यांना काय वाटेल, फोटोत कसं येईल. तिथून रोज जातात ती घरातली माणसं, मावशी, दूध टाकणारा, खांद्यावर सिलिंडर घेऊन येणारा मुलगा. त्या मुलाच्या अंगाने पाहिलंत तर कळेल कुठे कोपरा लागतो, कुठे दिवा हवा, कुठलं स्टँड आड येतं. तेव्हा खर्चाला हात आखडता असेल तर चित्र, आरसा, कुंड्या पुढच्या वर्षावर ढकला. आधी माळ्यावरचं निम्मं खाली उतरवा, दारावरच्या झडपेवरचा प्लाय काढून पाहा, आणि वायरमनला टू-वे स्विचसाठी बोलवा. तो कशाला म्हणेल. त्याचं ऐकू नका.